निळ्या भिंगरीचा माळ

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात सप्टेंबर सरता सरता डोंगरउतारांवर धुकं उतरायला लागतं. हिवाळाभर वाळून पिवळं पडलेलं, कुठे मुद्दाम जाळून काळं केलेलं गवत पहिल्या सरींनी पुन्हा कोंब धरतं. याच सुमारास व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या माळांवरून एक पक्षी हजारो किलोमीटर उडून परत येतो. वजन तेरा ग्रॅमच्या आसपास. अंगावर एकच रंग, पोलादासारखी झाक मारणारा गडद निळा. नराच्या शेपटीला दोन लांब तारा. मादीसमोर मिरवताना तो कुशीतली एरवी झाकलेली पांढरी पिसं फुलवतो, आणि त्या निळ्या अंगावर ती दुरूनही दिसतात. मग तो गवताच्या पात्यांना लगटून उडतो आणि बघता बघता जमिनीत नाहीसा होतो.

तो गेलेला असतो एका बिळात.

ही निळी भिंगरी. शास्त्रीय नाव हिरुंडो ॲट्रोसेरुलिया. स्वीडनच्या सुंडेवाल यांनी १८५० साली तिची नोंद केली. आपल्याकडे नदीवरच्या पुलाखाली चिखलाची वाटी चिकटवून राहणारी, पाण्याला जवळजवळ शिवून उडणारी तारवाली भिंगरी अनेकांनी पाहिली असेल. दोघी एकाच कुळातल्या, एकाच प्रजातिगटातल्या. फरक इतकाच, की तारवालीनं माणसाच्या पुलांशी, मोऱ्यांशी जमवून घेतलं आणि निळीनं आपला माळ सोडला नाही. जगभरात या पक्ष्याची एकूण संख्या आज काही हजारांपलीकडे जात नाही. धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत ती ‘असुरक्षित’ गटात आहे. दक्षिण आफ्रिकेपुरतं बोलायचं तर ‘अतिसंकटग्रस्त’, आणि उरलेल्या जोड्या शंभराच्याही खाली.

हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं त्याचं कारण शेवटाकडे येईल. आधी पक्षी आणि त्याची जागा.

बीळ

निळी भिंगरी झाडावर घरटं करत नाही, कड्यावर करत नाही, घराच्या वळचणीला तर नाहीच. तिला जमिनीतलं भोक लागतं. आत थोडी मोकळी जागा हवी, छत भक्कम हवं, पावसाचं पाणी आत साचता कामा नये. अशी भोकं या मुलखात तीन प्रकारची मिळतात. पहिली, पाण्यानं आतून माती वाहून जाऊन जमीन खचलेली विवरं. दुसरी, आर्डवार्कनं खणलेली बिळं. आर्डवार्क म्हणजे लांब नाकाचा, सशासारख्या लांब कानांचा, रात्री हिंडून वाळवी खाणारा प्राणी. आफ्रिकान्स भाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थच ‘भुईडुक्कर’. तो वाळवीसाठी आणि राहण्यासाठी जमीन उकरतो, बीळ सोडून पुढे जातो, आणि त्याची टाकलेली बिळं इतर कितीतरी जिवांचा निवारा होतात. तिसऱ्या प्रकारच्या भोकांकडे लगेच येतो.

बिळाच्या छताला किंवा भिंतीच्या वरच्या अंगाला नर-मादी मिळून चिखल आणि गवताच्या काड्यांचा अर्धा पेला चिकटवतात. आत बारीक मुळं आणि पिसं अंथरतात. अंडी बहुधा तीन. हंगाम चांगला असला तर एकाच उन्हाळ्यात दुसरी वीणही होते. पिल्लांना भरवायला कधी कधी तिसरा मोठा पक्षीही हातभार लावताना दिसतो. बीळ शाबूत असेल तर पुढल्या वर्षी जोडी पुन्हा तिथेच येते, जुन्याच पेल्याला नवा चिखल लावते. एकेक बीळ वर्षानुवर्षं वापरात राहतं. त्यामुळे एखादं बीळ खचलं, गुरांच्या खुरांनी मोडलं किंवा कुणी नांगरून सपाट केलं, तर त्या जोडीचं वर्षानुवर्षांचं घर एका दिवसात जातं.

पण निव्वळ बिळावर भागत नाही. पिल्लांना दिवसभर पुरतील एवढे उडते किडे बिळाच्या आसपासच मिळायला हवेत. ते मिळतात आखूड गवतावर आणि उतारांच्या खाचेतल्या छोट्या पाणथळींवर. धुक्यात, रिमझिम पावसात, इतर भिंगऱ्या गप्प बसून राहतात तेव्हाही हा पक्षी गवताच्या अगदी वरून माश्या टिपत फिरत असतो. या पट्ट्याला तिथे मिस्टबेल्ट म्हणतात, धुक्याचा पट्टा. समुद्रसपाटीपासून साधारण आठशे ते दीड हजार मीटर उंचीवरचे हे उतार. पाऊस भरपूर, धुक्याचा ओलावा वेगळा, माती खोल. खोऱ्यांच्या घळींत यलोवुड वृक्षांची जुनी जंगलं आणि उतारांवर गवत. ही वाटणी फार जुनी आहे. हे गवत म्हणजे तोडलेल्या जंगलाच्या जागी उगवलेलं रान नाही. त्यातल्या कंदांची, जमिनीखाली जाड खोड ठेवून आगीनंतर पुन्हा फुटणाऱ्या वनस्पतींची घडण व्हायला फार मोठा काळ लागलेला आहे. एकदा नांगर फिरला की पुढे कितीही वर्षं पडून राहिलं तरी तिथे तेच गवत परत येत नाही. येतात ते दोन-चार चिवट प्रकार.

सोनं

तिसऱ्या प्रकारची भोकं माणसानं केलेली आहेत.

म्पुमलांगा प्रांतात, कड्याच्या काठावर कापसेहूप नावाचं लहानसं गाव आहे. वाळूच्या खडकांच्या विचित्र आकृत्या आणि त्यांच्यातून फिरणारं धुकं यामुळे पूर्वी त्या जागेला डच वसाहतकार ‘सैतानाची कचेरी’ म्हणत. १८८२ साली इथे सोनं सापडलं. माणसं कुदळी-फावडी घेऊन धावली, जागोजागी खड्डे आणि आडवे बोगदे खणले, थोडंफार मिळालं तेवढं घेतलं आणि मोठी खाण लागल्याची बातमी आली तिकडे निघून गेली. मागे राहिले खड्डे. गवत वाढलं, तोंडं झाकली गेली, आणि निळ्या भिंगरीनं ते खड्डे घर म्हणून स्वीकारले. कापसेहूपचा माळ पुढे खास या पक्ष्यासाठी राखीव वारसास्थळ म्हणून ओळखला जाऊ लागला. शेजारच्या इस्वातिनी देशातलं मालोलोत्जा अभयारण्यही जुन्या सोनखाणींच्या मुलखातलंच, आणि तिथेही हा पक्षी आहे.

म्हणजे माणसानं जमीन खणली, हे या पक्ष्याला चाललं. उलट फायद्याचं झालं. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण संवर्धनाच्या चर्चेत ‘माणसाचा हस्तक्षेप’ असा एक सरसकट शब्द वापरला जातो. इथे हस्तक्षेपाचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींचा उगम एकाच सोन्यात आहे.

१८८६ साली विटवॉटर्सरँडला, म्हणजे आजच्या जोहान्सबर्गच्या जागी, सोन्याची फार मोठी शिरा सापडली. ती वरवर खणून मिळणारी नव्हती. खोल खाणी लागल्या, आणि खोल खाणीचं छत तोलायला लाकडी टेकू लागले. किती? मोजता येणार नाही इतके. दक्षिण आफ्रिकेत नैसर्गिक जंगल मुळातच एकूण भूभागाच्या एक टक्क्याहून कमी. घळींतले यलोवुड आधीच गाड्या, घरं आणि सामान यांसाठी तोडून झाले होते. मग लवकर वाढणारी परदेशी झाडं आली. ऑस्ट्रेलियाचा निलगिरी, मेक्सिकोचा पाईन. ब्लॅक वॉटल ही ऑस्ट्रेलियन बाभूळ तर त्याआधीच, १८६४ मध्ये, नातालमध्ये आली होती. तिची साल कातडी कमावायला उत्तम निघाली आणि शेतकऱ्यांनी ती हौसेनं लावली. पुढे टेकूंची जागा कागदाच्या लगद्यानं आणि इमारती लाकडानं घेतली. आज त्या देशात लागवडीची ‘वनं’ बारा लाख हेक्टरांच्या आसपास आहेत आणि त्यातला मोठा वाटा क्वाझुलू-नाताल आणि म्पुमलांगा या दोन प्रांतांत आहे. पाऊस भरपूर, माती खोल, धुकं. झाडांना हवी तीच जागा, जी भिंगरीला हवी.

इथे लाकूड-कंपन्यांची बाजूही खरी आहे, ती टाळून हे प्रकरण समजणार नाही. ही लागवड झाली नसती तर उरलीसुरली यलोवुडची जंगलं टिकली नसती. देशाला लाकूड लागत होतं, माणसांना काम लागत होतं. ज्यांनी गवतावर झाडं लावली त्यांना आपण काही उजाडतोय असं वाटलं नाही. त्यांच्या लेखी तिथे काहीच नव्हतं. गवत होतं. आणि गवत म्हणजे जमीन मोकळी. मिस्टबेल्टच्या गवताळ प्रदेशाचा निम्म्याहून अधिक भाग असाच गेला. काही लागवडीखाली, काही उसाखाली, काही मक्याखाली. अलीकडे मॅकाडेमिया या कवचफळाच्या बागांची भर पडते आहे. उरला तो तुकड्यातुकड्यांत.

मोकोबुलानचे ओढे

झाडं लावली तर भिंगरीचं नक्की काय बिघडतं, असा प्रश्न कुणीही विचारेल. बिळाभोवती पन्नास-शंभर मीटर मोकळं सोडून बाकी लावलं तर? कंपन्यांनी हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला आणि काही ठिकाणी असं मोकळं वर्तुळ सोडलंही. उत्तर पक्षीशास्त्रात शोधण्यापेक्षा पाण्याच्या हिशोबात जास्त स्पष्ट सापडतं.

म्पुमलांगाच्या डोंगराळ भागात मोकोबुलान इथे तीन लहान पाणलोट निवडून एक प्रयोग झाला. तिन्ही गवताळ, तिन्हींतून बारमाही ओढा. एकात १९६९ साली निलगिरी लावली, दुसऱ्यात १९७१ साली पाईन, आणि तिसरा गवताळच ठेवला, तुलनेसाठी. मग वर्षानुवर्षं ओढ्यांच्या पाण्याची मोजणी. निलगिरीच्या पाणलोटातला ओढा लागवडीनंतर नवव्या वर्षी पूर्ण आटला. पाईनच्या पाणलोटातला बाराव्या वर्षी. गवताळ पाणलोटातला वाहत राहिला.

याहून महत्त्वाचं पुढचं आहे. निलगिरी सोळा वर्षांची झाल्यावर तोडली. तोडल्याबरोबर ओढा वाहायला लागेल अशी अपेक्षा असणार. तसं झालं नाही. प्रवाह पूर्ववत व्हायला आणखी पाच वर्षं लागली. खोल मुळांनी खडकालगतची ओलसुद्धा शोषून घेतली होती. वरून पडलेला पाऊस आधी ती पोकळी भरत राहिला, आणि ती भरल्यावरच ओढ्यात उतरला.

मला हा प्रयोग या साऱ्या प्रकरणाचा कणा वाटतो. भिंगरी ज्या माश्यांवर जगते त्या ओल्या गवतावर, पाणथळ खाचांवर होतात. उतारावर झाडं आली की खालची पाणथळ कोरडी पडते. बीळ तसंच राहतं, त्याभोवतीचं राखलेलं वर्तुळही हिरवं दिसतं, पण खाद्य गेलेलं असतं. नकाशावर बीळ ‘संरक्षित’ म्हणून टिंब केलेलं असतं आणि दोन-तीन हंगामांनी तिथे कुणी येत नाही.

दक्षिण आफ्रिकेनं हे पाण्याच्या अंगानं लवकर ओळखलं, याचं श्रेय द्यायला हवं. तो देश कोरडा आहे. १९७२ पासून व्यापारी लागवडीला परवाना लागू लागला. १९९८ च्या राष्ट्रीय जल कायद्यात तर अशी लागवड ही ‘ओढ्याचा प्रवाह घटवणारी क्रिया’ म्हणून नोंदली गेली, म्हणजे धरणातून पाणी उचलणाऱ्याला जसा परवाना हवा, तसा झाडं लावणाऱ्यालाही. झाडं लावायला पाण्याचा परवाना! आपल्याकडच्या वाचकाला हे वाचून क्षणभर थबकायला होईल. त्याआधी १९९५ मध्ये ‘वर्किंग फॉर वॉटर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला होता. बेरोजगार माणसांना मजुरी देऊन ओढ्याकाठची परदेशी झाडं काढायची, म्हणजे रोजगारही आणि पाणीही. वॉटलचं बी जमिनीत कित्येक दशकं जिवंत राहतं, त्यामुळे एकदा काढून काम संपत नाही. दर काही वर्षांनी त्याच उतारावर पुन्हा जावं लागतं. तरी ओढे परत आले, आणि ओढ्यासोबत पाणथळी.

या कायद्यांमागे भिंगरी नव्हती. पण नव्या लागवडीला लगाम बसला त्याचा तिला आधार मिळाला. एरवी कदाचित आज लिहायला काही उरलं नसतं.

माणसं काय करू शकली

पक्ष्यासाठी थेट काम केलं ते एन्डेंजर्ड वाइल्डलाइफ ट्रस्ट या संस्थेच्या निळी-भिंगरी कार्यगटानं, बर्डलाइफ साउथ आफ्रिकानं आणि प्रांताच्या वन्यजीव संवर्धनाचं काम पाहणाऱ्या इझेम्वेलोनं. कामाचं स्वरूप साधं आणि कंटाळवाणं वाटेल असं. दर हंगामात माहीत असलेलं प्रत्येक बीळ तपासायचं. घरटं आहे का, अंडी आहेत का, पिल्लं उडाली का. नवीन बिळं शोधायची. ज्याच्या जमिनीत बीळ आहे त्याच्या घरी जाऊन बसायचं.

ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी. कारण या पक्ष्याची बहुतेक बिळं अभयारण्यात नाहीत. इम्पेंडले राखीव क्षेत्रासारख्या मोजक्या सरकारी जागा सोडल्या तर ती आहेत दुधाच्या डेअऱ्यांच्या कुरणांत, मेंढपाळांच्या शेतांत, कंपन्यांच्या लागवडींमधल्या मोकळ्या पट्ट्यांत आणि झुलू समाजाच्या सामाईक जमिनींवर. या सामाईक जमिनींचा मोठा भाग १९९४ साली स्थापन झालेल्या इंगोन्यामा ट्रस्टकडे आहे. तिथलं गवत गावाच्या गुरांचं. झुलू भाषेत भिंगरीला ‘इन्कोन्जाने’ म्हणतात आणि ती ओळखत नाही असं माणूस विरळा. पण बिळावरून चालत जाणारी गाय ते बीळ भिंगरीचं आहे हे ओळखत नाही, आणि चाऱ्याचा तुटवडा असेल त्या वर्षी कुरण राखून ठेवा असं सांगणाऱ्याचं ऐकणं गुराख्याला परवडत नाही. चराई अजिबात बंद केली तर गवत दाट, उंच आणि जुनं होऊन भिंगरीला नकोसं होतं. फार झाली तर जमीन उघडी पडते. मधला बिंदू पकडायला त्या जमिनीवर रोज वावरणारं माणूसच हवं, बाहेरचा तज्ज्ञ नव्हे.

आगीचंही तेच. हे गवत आगीसोबतच घडलेलं आहे. न जाळलं तर झुडपं शिरतात, त्यात अमेरिकेतून आलेली काटेरी रूबस जाळी आघाडीवर. हिवाळ्याच्या अखेरीस, पक्षी यायच्या आधी, आलटूनपालटून पट्टे जाळावेत, म्हणजे एका बाजूला कोवळं आखूड गवत आणि दुसऱ्या बाजूला दाट आडोसा मिळतो. मात्र लागवडीशेजारचा शेतकरी आग लावायला घाबरतो, कारण ठिणगी पाईनमध्ये गेली तर नुकसानभरपाई त्याच्या डोक्यावर. मग तो जाळतच नाही, किंवा पट्टा उशिरा जाळतो. पिल्लं बिळात असताना तोंडाशी आग आली तर धूर आत शिरतो आणि पुढचं सांगायला नको.

म्हणून शेतकऱ्यांशी करार करायची पद्धत रुजली. जैवविविधता कारभारी कार्यक्रम, असं त्याला म्हणता येईल. जमीन मालकाकडेच राहते. तो स्वखुशीनं तिचा काही भाग नांगरणार नाही, लागवड करणार नाही, ठरल्या वेळी जाळेल, ठरल्या प्रमाणात चारेल असं लिहून देतो. वरच्या दर्जाच्या करारात ती जमीन कायद्यानं संरक्षित क्षेत्र जाहीर होते आणि तो बोजा पुढच्या मालकालाही लागू राहतो. बदल्यात तांत्रिक मदत, काही कर-सवलत. मिस्टबेल्टमध्ये भिंगरीच्या बिळांच्या आसपासची काही शेतं या मार्गानं राखली गेली. मला स्वतःला या प्रकरणातला हा सगळ्यात आशादायक भाग वाटतो, कारण यात पक्षी वाचवणारा आणि जमीन कसणारा ही दोन वेगळी माणसं राहत नाहीत.

कागदावरचं संरक्षणही भक्कम आहे. स्थलांतरित प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात हा पक्षी आहे. २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेनं जैवविविधता कायद्याखाली संरक्षित प्रजातींची जी यादी काढली तीत तो अतिसंकटग्रस्त म्हणून आला. या यादीमुळे कुणी पक्षी पकडला, मारला, अंडी चोरली तर शिक्षा होते. पण निळ्या भिंगरीला मारायला कुणी येत नाही. ती शिकारीनं कमी झालेली नाहीच. पाईनचं रोप खड्ड्यात लावणारा मजूर कुठल्या कलमाखाली येणार?

कापसेहूपचं काय झालं, हे वाचकाला विचारावंसं वाटेल. खड्डे अजून आहेत. धुकं आहे. रानटी घोड्यांचे कळपही त्या माळावर फिरतात आणि पर्यटक त्यांचे फोटो काढतात. पण तो माळ चारी बाजूंनी लागवडींनी वेढलेला एक तुकडा होऊन राहिला, आणि तिथल्या भिंगऱ्या वर्षागणिक घटत गेल्या. लिम्पोपो आणि म्पुमलांगा या प्रांतांतली वस्ती जवळपास संपल्यावर देशातला शेवटचा खरा आधार क्वाझुलू-नातालचाच उरला. राखीव वारसास्थळ जाहीर झालं, फलक लागला, बिळं राखली. आजूबाजूचा माळ मात्र राखता आला नाही.

दुसरं टोक

हा पक्षी वर्षाचे सहा महिने दक्षिणेत काढतो. एप्रिलमध्ये तो उत्तरेला जातो, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या गवताळ, पाणथळ पट्ट्यात: युगांडाचा दक्षिण भाग, केनियाची पश्चिम सीमा, काँगोचा ईशान्य कोपरा. केनियात रूमा राष्ट्रीय उद्यान आणि बुसियाकडची कुरणं त्याच्यासाठी महत्त्वाची. बुसियाची कुरणं खासगी आहेत, ऊस आणि मका तिथेही गवताच्या जागी येतो. युगांडात २००४ पासून लाकूड-लागवडीला अनुदान मिळू लागलं आणि गवताळ जमिनीवर पाईन-निलगिरी उभी राहिली. थोडक्यात, दक्षिणेतली शंभर वर्षांची गोष्ट उत्तरेत आता सुरू आहे.

मधल्या देशांतही तिची वस्ती आहे. झिम्बाब्वेचं न्यांगा, मलावीचं न्यिका पठार, टांझानियाचं किटुलो. न्यिका आणि किटुलो ही दोन्ही राष्ट्रीय उद्यानं, उंचावरची गवताळ पठारं. जगातल्या निळ्या भिंगऱ्यांची मोठी भिस्त आता या पठारांवर आहे.

२०१५ मध्ये आफ्रिकी देशांनी २०३० पर्यंत दहा कोटी हेक्टर जमिनीवर वनपुनर्स्थापना करायचा संकल्प केला. हेतूबद्दल शंका नाही. पण पुनर्स्थापना म्हणजे जिथे जे होतं ते परत आणणं. नकाशावर ज्या जमिनीवर झाडं नाहीत ती सगळी जमीन ‘बिघडलेली’ धरली, तर न्यिकाचं पठारही बिघडलेलं ठरेल. दक्षिण आफ्रिकेतले परिसंस्था-शास्त्रज्ञ विल्यम बाँड यांच्यासारखे लोक हे पोटतिडकीनं सांगत आले आहेत, की आफ्रिकेतली बरीच गवताळ जमीन प्राचीन आहे आणि तिच्यावर झाडं लावणं म्हणजे तिचा नाश आहे.

आपला माळ

आता ते कारण, ज्यासाठी हे लिहिलं.

महाराष्ट्रात आपण माळाला काय म्हणतो? पडीक. सरकारी दप्तरात वरकस, नापीक, पडजमीन. केंद्र सरकारचा एक नकाशासंग्रहच आहे, ‘वेस्टलँड ॲटलास’, आणि त्यात देशातली फार मोठी गवताळ, झुडुपी जमीन ओसाड म्हणून रंगवलेली आहे. २०१६ पासून चार पावसाळ्यांत राज्यानं दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी, तेहतीस कोटी अशी चढत्या क्रमानं वृक्षलागवड केली. लोकांनी मनापासून केली. शाळेची मुलं रोपं घेऊन उभी राहिली, आणि त्या मुलांच्या भावनेला बोट लावायची कुणाची इच्छा नाही. पण एवढी रोपं लावायला जागा हवी, आणि गावात मोकळी जागा म्हणजे गायरान, माळरान. सोलापूरकडच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे. माळढोकाच्या त्या मुलखातही गिरिपुष्प आणि कडुनिंबाच्या ओळी लागल्या. उघड्यावर दूरवर नजर टाकत चालणाऱ्या पक्ष्याच्या वाटेत झाडांच्या रांगा. आज राज्यात माळढोक शोधूनही क्वचितच सापडतो.

निलगिरी पर्वतावर तर झाडही तेच आहे. मिस्टबेल्टमधली तीच ब्लॅक वॉटल, तीच निलगिरी, तोच पाईन इंग्रजांनी आणि नंतर आपल्या वनखात्यानं उटीभोवतीच्या शोला-गवताळ उतारांवर लावला. तिथे भिंगरीच्या जागी निलगिरी पिपिट हा पक्षी आहे, तोही गवताशिवाय दुसरीकडे न राहणारा, तोही घटत चाललेला. खाली घळीत शोला जंगल, वर गवत. मिस्टबेल्टचंच चित्र, समुद्रापलीकडून उचलून ठेवल्यासारखं.

कोकणातल्या सड्यांचंही असंच आहे. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर जांभ्या दगडाचा सडा उजाड दिसतो, आणि उजाड दिसतो म्हणून त्यावर काहीही आणता येतं असं धरलं जातं. साताऱ्याकडच्या कासला फुलं आहेत म्हणून ते २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं. ज्या पठारावर फुलांचे गालिचे नाहीत, त्याची बाजू कोण मांडणार?

धनगर मात्र माळाला पडीक म्हणत नाही. त्याला कुठल्या माळावर पवना आहे, कुठे कुसळी, कुठल्या महिन्यात कुठला चारा खपतो हे पाठ असतं. मिस्टबेल्टच्या कुरणाचा कारभारी शोधताना तिथल्या लोकांना जसा शेतकरी आणि गुराखी सापडला, तशी आपल्याला ही माणसं आधीच सापडलेली आहेत. आपण त्यांच्याशी करार करायच्या ऐवजी त्यांच्या चराईच्या जागेला कुंपण घालून रोपं लावतो.

क्वाझुलू-नातालमध्येच एक जागा आहे, डर्बनच्या उत्तरेला माउंट मोरलंड. तिथल्या बोरूच्या पाणथळीत दर उन्हाळ्यात संध्याकाळी साध्या भिंगऱ्यांचा थवा उतरायचा, अंदाजे तीस लाखांचा. २०१० मध्ये शेजारी नवा विमानतळ झाला तेव्हा तो थवा राखण्यासाठी भिंगऱ्यांवर लक्ष ठेवणारं रडार बसवलं गेलं, विमानांच्या वेळा त्यांच्या येण्याजाण्याशी जुळवल्या गेल्या. युरोपातून आलेल्या तीस लाख पाहुण्यांसाठी हे झालं आणि चांगलं झालं. तिथून काही तासांच्या अंतरावर डोंगरउतारांवर त्याच कुळातल्या मूठभर जोड्या आहेत.

त्यांचं पुढे काय होईल हे आता झाडतोडीच्या वेळापत्रकावर बरंचसं ठरतं. लगद्यासाठीची निलगिरी दहा-बारा वर्षांत तोडायला येते, इमारती पाईनला वीस-पंचवीस वर्षं लागतात. तोड झाली की तो उतार काही महिने उघडा असतो, आणि त्या काही महिन्यांत मालकाला ठरवायचं असतं: पुन्हा रोपं लावायची, की ओढ्याकडचा आणि बिळांकडचा पट्टा सोडून द्यायचा. सोडलेल्या पट्ट्यात जुनं गवत परत येणार नाही. पण मोकोबुलानच्या ओढ्यासारखं, पाच-सहा वर्षांनी पाणी येईल. पाण्यामागून माश्या येतील. शेजारच्या तुकड्यात जुनं गवत आणि एखादं बीळ शिल्लक असेल, आणि कुणी ऑगस्टमध्ये वेळेवर पट्टा जाळलेला असेल, तर सप्टेंबरअखेर कुणीतरी तिथे येऊन बघायला हवं.